फिल्मची नक्कल आणि अस्सल

संग्राहकांच्या घरीं जुन्या निगेटिव्ह व स्लाइड यांचे डबे पडून असतात. डिजिटल कॅमेऱ्यानें त्यांच्या प्रती काढण्याची रीत अलीकडे रूढ झाली आहे. या रीतीचे कांहीं पुरस्कर्ते म्हणतात कीं, फिल्मची उत्तम प्रत निघते, आणि ती निघाली म्हणजे फिल्मचें काम संपलें. या मताचा पूर्वार्ध ग्राह्य आहे. उत्तरार्ध सर्वस्वी त्याज्य आहे.

प्रथम पूर्वार्ध. खालून सारखा पसरलेला प्रकाश, मध्यें सपाट धरलेली फिल्म व वर मॅक्रो भिंगाचा कॅमेरा, एवढ्या सामग्रीवर काम भागतें. ३६ × २४ मिलिमीटरची चौकट २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांत पूर्ण भरून घेतल्यास इंचास सुमारें ४,२०० बिंदु पडतात. कॅमेरा व फिल्म समांतर नसल्यास मात्र कोपरे अस्पष्ट येतात, आणि मग बिंदूंची संख्या व्यर्थ होय.

आतां उत्तरार्ध. प्रत काढणारा बहुधा चित्रापुरतीच चौकट घेतो, ओरखडे पुसतो आणि निगेटिव्ह सुलटी करून तेवढेंच ठेवितो. दुर्बोध शब्द गाळून बखर ‘शुद्ध’ करणाऱ्या नक्कलकाराहून हा निराळा नव्हे. कडेवरील बनावटीचें नांव व अनुक्रमांक म्हणजे फिल्मचें शिक्कामोर्तबच होय. फिल्म भलत्या बाजूनें टिपली गेली तर मोडी कागदावरील अक्षरें उलटीं दिसून चूक तत्काळ कळेल. पण किल्ल्याचा बुरूज दाराच्या डावीकडे कीं उजवीकडे, हें कडेवरचे अंकच सांगतील.

स्पेनच्या यादवी युद्धांत (१९३६–३९) रॉबर्ट कापा, गेर्डा टारो व डेव्हिड सीमूर यांनीं घेतलेल्या सुमारें ४,५०० निगेटिव्ह मेक्सिकोंत सांपडून २००७ सालीं न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी या संस्थेकडे आल्या. फितींवरील चित्रांचा क्रम हातीं आल्यानें, कापाचीं मानलेलीं कांहीं छायाचित्रें टारोचीं ठरलीं. सुट्या प्रतींवरून हा निर्णय होणें कठीण होतें.

तेव्हां कडांसह, कांहींएक न पुसतां घेतलेली प्रत हीच आधारप्रत समजावी. सुधारलेली प्रत वेगळी ठेवून तींत काय फेरफार केले, त्याची नोंद करावी. अस्सल फिल्म थंड व कोरड्या जागीं जपावी. ॲसिटेट फिल्मला व्हिनिगरसारखा आंबट वास येऊं लागला तर तिचा ऱ्हास सुरू झाला असें जाणून ती इतरांपासून वेगळी करावी व तिची प्रत आधीं काढावी. पण म्हणून ती टाकूं नये. अस्सल नष्ट होऊन नकलेवर वाद घालीत बसण्याचा प्रसंग किती क्लेशकारक असतो, हें आपल्या वाचकांस सांगावयास नकोच.