साथीचे दिवस आणि ‘स्मृतिचित्रे’

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्याकडे हसत हसत वाचली जातात. भोळा, उदार, संसाराचे भान नसलेला कवी-नवरा आणि त्याला सांभाळून घेणारी मिश्कील बायको, हे चित्र वाचकांच्या मनात पक्के बसले आहे. वर्गात उतारा शिकवताना आम्ही मास्तर मंडळीही त्यातला विनोदच तेवढा उचलतो. २०२० च्या टाळेबंदीत मी हे पुस्तक पुन्हा वाचले, आणि या विनोदाखाली एक हिशेब मांडलेला आहे असे वाटू लागले.

योगायोग असा की, त्या मार्चमध्ये सरकारने आधार घेतला तो १८९७ च्या साथरोग कायद्याचा. म्हणजे प्लेगच्या, टिळक दांपत्याच्या काळातल्या कायद्याचा! इकडे पत्रादेवीचा नाका बंद, दोडामार्गाकडची ये-जा बंद. सिंधुदुर्गातली दशावतारी मंडळे पलीकडे अडकली. डिचोलीतील एक कलावंत जोडपे माझ्या परिचयाचे आहे. तो पेटी वाजवतो, ती नाट्यगीते गाते. दोन मुले, घरात मोबाईल एक. त्याने त्या दिवसांत नव्या चाली बांधल्या. तिचा रियाझ मात्र सकाळी मुलांच्या ऑनलाईन वर्गात आणि दुपारी स्वयंपाकघरात गेला. ती एवढेच म्हणाली, “सर, तांकां वेळ मेळ्ळो, म्हजो गेलो.”

आता लक्ष्मीबाईंकडे पाहू. प्लेगच्या दिवसांच्या त्यांच्या आठवणींत रोग्यांची शुश्रूषा आहे, मुलांची काळजी आहे. घरात स्वतःच्या दत्तूबरोबर परक्यांची लेकरेही वाढली. रडगाणे कुठेही नाही. वाक्ये आखूड, प्रसंग चटकन संपणारे. कुणी हाक मारील आणि उठावे लागेल, अशा बेताने सांगितलेले. समीक्षक याला सहजता म्हणतात. मला ही चुलीपाशी घडलेली शैली वाटते.

टिळकांनी पत्नीला लिहायला-वाचायला उत्तेजन दिले, हे श्रेय त्यांचेच आहे व ते कोणी नाकारू नये. पण उत्तेजन वेगळे आणि सवड वेगळी. टिळक १९१९ साली गेले. ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने येऊ लागली ती १९३४ पासून, लक्ष्मीबाईंनी पासष्टी ओलांडल्यावर. तीही कशी? देवदत्त टिळकांना वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. मागणी वडिलांसाठी झाली आणि हाती आले आईचे पुस्तक! टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले तेही लक्ष्मीबाईंनीच. त्याचा फार मोठा भाग त्यांचा आहे. त्यांचे काही अपुरे राहिले असते तर टिळकांनी ते हाती घेतले असते काय, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. थट्टेच्या भरात तो सुचतच नसावा.

टिळकांना उणे लेखण्याचा यात हेतू नाही. त्यांची कविता माझ्या आवडीची आहे. परंतु ती लिहिली गेली त्या घराचे वेळापत्रक कोणी सांभाळले, हे कळल्यावाचून ‘स्मृतिचित्रां’तला विनोद पुरता कळत नाही. पुढच्या खेपेस वर्गात हा उतारा आला की मी मुलांना विचारणार आहे: टिळक कविता लिहीत बसले होते, तेव्हा दत्तू कोणाजवळ होता?