मध्ययुगाचे वास्तव आणि भुकेचे माप : ‘किंगडम कम : डेलिव्हरन्स’च्या आरंभभागाचा विचार

प्राग येथील वॉरहॉर्स स्टुडिओज या संस्थेने फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘किंगडम कम : डेलिव्हरन्स’ या व्हिडिओ गेमचा दावा असा की, त्यात राक्षस नाहीत, मंत्रतंत्र नाहीत, आहे तो १४०३ सालचा बोहेमिया. २०२५ साली त्याचा दुसरा भागही आला. तथापि या दाव्याची कसोटी पहिल्या भागाच्या आरंभीच्या काही तासांतच लागते.

१४०३ हे साल दख्खनच्या अभ्यासकाला निराळ्या कारणाने परिचित आहे. गादीवर फिरोजशहा बहमनी होता, आणि परंपरेने १३९६ ते १४०७ असा सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ चालू होता. पर्जन्यछायेतील बारामती-इंदापूरच्या मुलखाला दुष्काळाची आठवण ग्रंथांतून शोधावी लागत नाही; उजनीचे पाणी फार खाली गेले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, आणि वर्ष कसे आहे ते त्यावरून कळते. अशा मुलखातील रसिकाने हा खेळ हाती घेतला, तर वास्तवाचे त्याचे पहिले माप भूक हेच असणार.

आरंभ उत्तम साधला आहे. स्कालित्से या चांदीच्या खाणीच्या गावी लोहाराचा मुलगा हेन्री उशिरा उठतो आणि बाप त्याला कामे सांगतो : कोळसा आण, बिअर आण, कुनेशकडचे येणे वसूल कर. गाव ओळखीचे होते ते वर्णनाने नव्हे, तर हेलपाट्यांनी. आपल्याकडील लोहाराचे येणे खळ्यावर बलुत्याच्या धान्यात चुकते होई. ती व्यवस्था त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) सविस्तर आली आहे. येथे मात्र व्यवहार नाण्यांचा आणि उधारीचा. खाणीच्या गावाला तो शोभतो, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती अशी की, लोहाराच्या या मुलाला भात्याशी बसून काही घडविता येत नाही; फार तर सहाणेवर तलवारीला धार लावावी. ही उणीव दुसऱ्या भागात लोहारकाम आणून भरून काढली गेली, यावरून ती निर्मात्यांनाही जाणवली असावी.

खेळाचे खरे यश निरक्षरतेच्या चित्रणात आहे. हेन्रीला वाचता येत नाही. त्याने पुस्तक उघडले की खेळणाऱ्यासमोर अक्षरांची उलटापालट झालेली पाने येतात. लेखनिकाकडे शिकल्यावर ती अक्षरे हळूहळू जागेवर बसतात. असा अनुभव कादंबरीला देता येणे कठीण; कारण निरक्षर नायकाची कादंबरीही साक्षरानेच वाचावयाची असते. निरक्षरतेची दुसरी बाजू, म्हणजे श्रवणाने मिळणारी विद्या, मात्र आरंभभागात जवळजवळ नाही. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्या कीर्तनकारांच्या मुखाने अक्षरओळख नसलेल्यांपर्यंतही पोचल्या. बारामतीच्या वाचकाला ही उणीव चटकन् जाणवेल.

खेळाची स्थिती जतन करण्यासाठी विशिष्ट मद्य खर्च करावे लागते, या नियमावर बरीच टीका झाली आणि पुढे खेळ सोडताना जतन करण्याची सोय देण्यात आली. पण मूळ नियम सर्वस्वी अनाठायी नव्हता. चूक सहज पुसता येत नाही म्हटल्यावर माणूस जपून बोलतो, आणि या खेळात बोलणे हे तलवारीइतकेच महत्त्वाचे आहे.

भुकेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. हेन्रीला भूक लागते, झोप येते, झोळीतले अन्न नासते. येथवर सर्व योग्य. परंतु ठिकठिकाणी चुलीवर शिजणारे भांडे असते. त्यातून हवे तितक्या वेळा जेवावे. ते रिकामे होत नाही, नासत नाही, आणि खाणाऱ्याला बहुधा कोणी हटकत नाही. सिगिस्मुंडच्या सैन्याने स्कालित्से जाळल्यावर वाचलेले लोक रताय येथे निराश्रित होऊन येतात, मदत मागतात. त्यांच्याच गावचा हेन्री काही पावलांवर त्या अक्षय पात्रातून जेवतो. येथे प्रश्न तपशिलाच्या चुकीचा नाही. भूक ही नायकाच्या शरीराची मोजपट्टी ठरली आहे. गावाच्या धान्याशी, कोठाराशी, शेजाऱ्याच्या ताटाशी तिचा संबंध उरलेला नाही. चिलखताच्या पदरांचा एवढा कसून अभ्यास करणाऱ्यांनी कोठाराकडे पाठ फिरवावी, हे आश्चर्य होय.

२०१८ मध्येच खेळाची एक अधिक कठीण आवृत्ती देण्यात आली. तीत नायकाला नकाशावर स्वतःची जागाही दिसत नाही. वाढली ती नायकाची अडचण. रतायच्या निराश्रितांचे ताट होते तसेच राहिले.