एक पिन, अनेक व्होल्ट

बहुतेक शाळांच्या संगणक कक्षात कपाटाच्या तळाशी एक खोके असते. त्यात एकमेकांत गुंतलेल्या काळ्या वायरी आणि जुन्या लॅपटॉपचे अडॅप्टर असतात. कोणीतरी देणगी म्हणून जुना लॅपटॉप देतो, त्याचा अडॅप्टर मात्र हरवलेला असतो. मग खोक्यात हात घालून पिन बसेल तो अडॅप्टर शोधला जातो. पिन बसली की काम झाले, असे आपण धरून चालतो. आमच्याकडे असाच एक लॅपटॉप एका दुपारी कायमचा बंद पडला. पिन अगदी नेमकी बसली होती. दोष अर्थातच ती लावणाऱ्या मुलाच्या माथी आला. मला मात्र वाटते की त्या मुलाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक दोष त्या वस्तूच्या रचनेचा आहे.

आधी लेबल पाहू. आयबीएमच्या थिंकपॅड टी-४० मालिकेच्या अडॅप्टरवर आउटपुट म्हणून १६ व्होल्ट आणि ४.५ अँपिअर असे लिहिलेले असते. दोन्ही आकडे एकाच ठशात, शेजारी शेजारी. वाचणाऱ्याला वाटते, ही दोन्ही एकाच जातीची माहिती आहे. प्रत्यक्षात १६ व्होल्ट हा अडॅप्टर लॅपटॉपवर लादतो. लॅपटॉपला त्यात काही निवड नसते. ४.५ अँपिअर ही मात्र अडॅप्टरची कमाल क्षमता आहे. त्यातली किती धारा घ्यायची हे लॅपटॉप ठरवतो. घरातल्या सॉकेटवर ६ अँपिअर लिहिलेले असते, म्हणून त्यात लावलेल्या झिरोच्या दिव्यातून काही ६ अँपिअर वाहत नाहीत. तसेच हे आहे.

एवढा साधा फरक लेबल सांगत नाही, आणि खरे म्हणजे आपणही वर्गात पुरेसा सांगत नाही. ओहमच्या नियमावरची गणिते बिनचूक सोडवणारा दहावीचा विद्यार्थी विचारतो, “सर, ४.५ ऐवजी ६ अँपिअरचा लावला तर जळेल का?” १६ ऐवजी १९ व्होल्टचा लावला तर काय होईल, हे तो विचारत नाही. भीती नेमकी उलट्या आकड्याची बसलेली असते. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर तेवढे किंवा त्याहून जास्त चालतात. अँपिअर कमी पडले तर अडॅप्टर तापतो किंवा मध्येच बंद पडतो.

लेबलावर आणखी एक बारीक चित्र असते. मध्ये ठिपका, त्याभोवती अपुरे वर्तुळ, आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणे चिन्हे. पिनच्या आतला भाग धन की ऋण, हे त्यावरून कळते. लॅपटॉपमध्ये सहसा आतला भाग धन असतो; पण सहसा या शब्दावर विसंबून राहू नये. १९८३ साली बाजारात आलेला टँडीचा मॉडेल १०० हा वहीएवढा संगणक चार पेन्सिल सेलवर चालत असे. त्याच्या ६ व्होल्टच्या अडॅप्टरचा आतला भाग ऋण होता. ज्यांच्याकडे असा संग्राह्य संगणक असेल, त्यांनी ते चित्र भिंगाने पाहावे.

लेबल अपुरे का होईना, बोलते तरी. पिन काहीच बोलत नाही. बाहेरून ५.५ आणि आतून २.५ मिलिमीटर मापाची नळीसारखी पिन घ्या. टी-४० थिंकपॅडला ती १६ व्होल्ट देते. आसूस आणि तोशिबा यांच्या कित्येक लॅपटॉपना तीच पिन १९ व्होल्ट देते. आकार तोच, दाब निराळा. हे टाळता येण्याजोगे होते. जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योग संघटनेने पिनचे एक प्रमाण ठरवले होते. त्यात दाबाचे पाच गट होते आणि प्रत्येक गटाला पिनचे वेगळे माप. ३.१५ व्होल्टपर्यंत एक, ६.३ पर्यंत दुसरे, १०.५ पर्यंत तिसरे, १३.५ पर्यंत चौथे, १८ पर्यंत पाचवे. आतला भाग नेहमी धन. म्हणजे एका गटाची पिन दुसऱ्या गटाच्या सॉकेटात बसू नये, अशी ही योजना. मला ही कल्पना फार आवडते. माणसाला वाचायला लावण्याऐवजी तिने वस्तूलाच नकार द्यायला शिकवले.

लॅपटॉप बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या या वाटेने गेल्या नाहीत. त्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. लिथियम-आयन सेल भरताना ४.२ व्होल्टपर्यंत न्यावा लागतो. तीन सेल एकसर जोडले तर १२.६ व्होल्ट होतात, आणि १६ व्होल्टचा अडॅप्टर पुरतो. चार जोडले की १६.८ होतात, मग तो पुरत नाही. त्यामुळे १९-२० व्होल्टकडे जावे लागले, आणि जपानी प्रमाण तर १८ लाच संपत होते. पण दाब बदलताना पिन बदलायला कोणी अडवले नव्हते. २००६ च्या टी-६० थिंकपॅडने २० व्होल्ट घेतले, तेव्हा ७.९ मिलिमीटरची जाड पिनही घेतली. जुनी पिन तिथे चुकूनही घट्ट बसत नाही. याला जबाबदार रचना म्हणतात.

डेलने दुसरा मार्ग काढला. त्यांच्या १९.५ व्होल्टच्या अनेक अडॅप्टरांत पिनच्या मध्यभागी एक बारीक सुई असते. त्या तारेवरून एक छोटी चिप लॅपटॉपला आपली ओळख आणि क्षमता सांगते. कल्पना उत्तम, पण ती बारीक तार वाकून तुटली की अडॅप्टर पूर्ण १९.५ व्होल्ट देत असूनही बॅटरी भरली जात नाही. जुना डेल भंगारात काढण्यापूर्वी ही तार तपासावी.

आता दुरुस्तीकडे. जुना अडॅप्टर बहुधा दोन जागी मरतो: पिनजवळ वाकणारी वायर आणि आत सुकलेले इलेक्ट्रोलिटिक धारित्र. वायर बदलणे शाळेत जमते. आतले काम शाळेत करू नये, हे मी स्पष्टच सांगतो. २३० व्होल्टची प्रत्यावर्ती धारा एकदिश झाली की मुख्य धारित्रावर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतात. त्यापेक्षा योग्य व्होल्टचा नवा, प्रमाणित अडॅप्टर घ्यावा, प्लग काढून ठेवून त्याची वायर कापावी आणि जुन्या अडॅप्टरची पिन तिला डाख देऊन जोडावी. लॅपटॉपला लावण्यापूर्वी धन-ऋण मल्टिमीटरने दोनदा पाहावे. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या जुन्या, जड अडॅप्टरवर इनपुटही वाचावे. तिथे फक्त १२० व्होल्ट लिहिले असेल, तर आपल्याकडे त्यातले रोहित्र जळेल.

नुसते मल्टिमीटरने १६ व्होल्ट दिसले म्हणजे अडॅप्टर चांगला, असे नाही. सुकलेले धारित्र भार पडल्यावरच उघडे पडते. १० ओहमचा, ५० वॅटचा तारेचा रोधक जोडावा. १६ व्होल्टला १.६ अँपिअर, म्हणजे सुमारे २६ वॅट. एखादे मिनिट दाब स्थिर राहतो का ते पाहावे; रोधकाला हात लावू नये. मी पूर्वी यासाठी मोटारीचे दोन बल्ब एकसर जोडत असे आणि चांगले अडॅप्टरही बंद पडताना पाहून गोंधळत असे. थंड तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या मानाने फारच कमी असतो, त्यामुळे अडॅप्टरला पहिल्या क्षणी शॉर्ट झाल्यासारखे वाटते. नववी-दहावीसाठी हा एक सुरेख प्रयोग आहे, पण अडॅप्टरची परीक्षा म्हणून तो निकामी.

युरोपीय संघाने २०२२ च्या निर्देशाने यूएसबी-सी सक्तीचे केले. फोनसाठी २८ डिसेंबर २०२४ आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ या तारखा ठरल्या. यात अडॅप्टर आणि यंत्र आधी आपसात बोलतात. बोलणे होईपर्यंत ५ व्होल्टच मिळतात. त्यानंतरच्या नेहमीच्या पायऱ्या ९, १५ आणि २० व्होल्टच्या. टी-६० साठी २० व्होल्ट मागून घेणारी जोडवायर बाजारात मिळते. टी-४० चे १६ या पायऱ्यांत नाहीत. त्यामुळे आमचे खोके अजून कपाटातच आहे. आता त्यातल्या प्रत्येक पिनजवळ वायरला चिकटपट्टी लावली आहे, आणि तीवर मुलांनी लॅपटॉपचे नाव आणि व्होल्ट शाईने लिहिले आहेत.