कातड्यावरची पोथी

श्रुतपंचमीला आमच्या महिला मंडळात दरवर्षी कुणीतरी पोथ्यांविषयी बोलतं. यंदा पाळी माझी होती. मी म्हटलं, एका लॅटिन पोथीबद्दल सांगते, हजार-बाराशे वर्षांपूर्वीची आहे, चर्मपत्रावर लिहिलेली. चर्मपत्र म्हटल्याबरोबर एका काकूंचा जपमाळेवरचा हात थांबला. "कातड्याचं पुस्तक? आणि ते तू देवळात सांगणार?" कमरेचा पट्टा नि पर्स बाहेर काढून दर्शनाला जाणारी आपण माणसं. काकूंचं चुकलं असं मला काही म्हणता येईना. मी विषय बदलला. पण पोथी डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहिते आहे.

सुरुवात झाली स्टीफन ग्रीनब्लाट यांच्या 'द स्वर्व्ह' या पुस्तकापासून. 2011 साली आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. गोष्ट अशी, की पोपच्या दरबारातला एक लेखनिक, पोज्जो ब्राच्चोलिनी, पोप पदच्युत झाल्यामुळे रिकामा झाला आणि जुन्या मठांतून पोथ्या धुंडाळत फिरू लागला. 1417 मध्ये त्याच्या हाती लुक्रेशियसचं काव्य लागलं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला हा रोमन कवी एपिक्युरसचं तत्त्वज्ञान सहा सर्गांत, सात हजारांहून अधिक ओळींत सांगतो. जग अणूंचं बनलेलं आहे, देव कशात ढवळाढवळ करत नाहीत, मरणाला भिऊ नका. ग्रीनब्लाट म्हणतात, ही पोथी सापडली आणि जगानं आधुनिकतेकडे वळण घेतलं.

पुस्तक वाचायला मोठं गोड आहे, रात्री दिवा मालवावासा वाटत नाही. तरीही मला ते पटलं नाही. सापडवणारा एक नायक झाला की सांभाळणारे सगळे भिंतीच्या कडेला उभे राहतात. आपल्या घरांत काय होतं ते आठवा. दागिना 'सापडला' म्हणणाऱ्याचं कौतुक होतं. चाळीस वर्षं तो गाठोड्यात बांधून ठेवणारी कुणाच्या लक्षात राहत नाही.

खरं तर पोज्जोला मिळालेली पोथी आज नाही. तिची त्याने करवून घेतलेली नक्कलही नाही. उरली ती त्याच्या मित्राने, निक्कोलो निक्कोलीने, स्वतःच्या हाताने उतरवलेली प्रत. ती फ्लोरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. (पोज्जोची प्रत या निक्कोलीने दहा वर्षांहून जास्त काळ परतच दिली नव्हती. पुस्तक नेऊन विसरणाऱ्या मैत्रिणी सगळ्यांनाच असतात.) काव्याच्या सर्वांत जुन्या संपूर्ण पोथ्या मात्र दोन आहेत, दोन्ही नवव्या शतकातल्या, दोन्ही नेदरलँड्समध्ये लायडन विद्यापीठात. एक उभट, म्हणून 'ओब्लोंगुस'. दुसरी चौकोनी, म्हणून 'क्वाद्रातुस'. ग्रीनब्लाट त्यांना जाता जाता उरकतात. माझा जीव त्यांच्यातच अडकला.

ओब्लोंगुस एका लेखकाने उतरवली. काही ओळी त्याच्याकडून सुटल्या. मग डुंगाल नावाच्या आयरिश विद्वान साधूने ती तपासून चुका सुधारल्या, सुटलेल्या ओळी भरल्या. त्याचं हस्ताक्षर अभ्यासकांनी ओळखलं, म्हणून तरी त्याचं नाव उरलं. आता पाहा, ख्रिस्ती साधू आणि हातातलं काव्य म्हणतंय की आत्मा देहाबरोबर विरून जातो. डुंगालने ते फाडलं नाही, उलट शुद्ध केलं.

पंधराव्या शतकात ही पोथी जर्मनीत माइन्त्सच्या कॅथेड्रलच्या ग्रंथालयात होती. 1479 साली तिथल्या एकाने मालकीची नोंद तिच्यात करून ठेवली आहे. पुढे दोन्ही पोथ्या इसाक व्होसियस या डच पंडिताकडे आल्या. स्वीडनच्या राणी क्रिस्टिनाचा हा ग्रंथपाल. थकलेल्या पगाराच्या बदल्यात राणीच्या संग्रहातली पुस्तकं घेऊन गेला अशी त्याची ख्याती! 1689 मध्ये तो इंग्लंडमध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी लायडनने त्याचा संग्रह विकत घेतला. ऑक्सफर्डलाही तो हवा होता, जमलं नाही.

मग 1850 मध्ये बर्लिनच्या कार्ल लाखमान यांनी या पोथ्यांवरून एक नवल केलं. क्वाद्रातुसमध्ये चार तुकडे आपल्या जागी नाहीत, शेवटी एकत्र दिले आहेत, आणि प्रत्येक साधारण 52 ओळींचा. लाखमान म्हणाले, मूळ पोथीची चार पानं सुटून निखळली असणार, म्हणजे तिच्या पानाच्या एका बाजूला 26 ओळी होत्या. जी पोथी कुणी पाहिलीच नाही, तिच्या ओळी मोजल्या!

आता आपल्याकडे या. 1926 मध्ये पाटणच्या जैन भांडारात जयराशीच्या 'तत्त्वोपप्लवसिंह' या ग्रंथाची ताडपत्री सापडली. जयराशी कुणाचंच तत्त्व टिकू देत नाही, आपलंही नाही. 1940 मध्ये तो ग्रंथ आमच्या बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत छापला गेला. न पटणारा ग्रंथही कापडात बांधून ठेवणारे डुंगाल आपल्यातही होते.

लुक्रेशियस तरी मला कुठे सगळा पटतो? सृष्टिकर्ता नाही म्हणतो, अणू मानतो, इथवर आपल्या पंगतीला बसतो. पण आत्माच अणूंचा केला की मला पाटावरून उठावं लागतं. तरी दुसऱ्या सर्गातल्या एका जागी मी थांबले ती थांबलेच. ए. ई. स्टॉलिंग्स या कवयित्रीचा 2007 सालचा यमकबद्ध इंग्रजी अनुवाद माझ्याकडे आहे. यमकं एरवी छान पळवतात, पण या जागी ती जरा हळू चालली असती तर बरं होतं. कवीला सांगायचं आहे एवढंच, की एकाच जातीचे जीवही एकमेकांसारखे नसतात. त्यासाठी दाखला देतो तो वेदीपुढे बळी दिलेल्या वासराचा. त्याची आई रानभर त्याच्या खुरांचे ठसे शोधते, हंबरडा फोडते, पुन्हा पुन्हा गोठ्याशी येते. कोवळा पाला, दवातलं गवत, नदी, कशानेच तिचं मन लागत नाही. दुसरी वासरं समोर असतात, पण तिला तीच हवं असतं.

या ओळी ओब्लोंगुसमध्ये आहेत, कुठल्या तरी जनावराच्या कातड्यावर.

संध्याकाळचं जेवण आटोपल्यावर मी ही गाय सासूबाईंना सांगितली. त्यांचं वय ब्याऐंशी. "सापडलं का गं तिला?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "आणि हे लिहिलंय कशावर म्हणालीस?" तेही सांगितलं. त्या बराच वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मंडळात सांग तू. पण आधी गाईचं सांग, कातड्याचं मागून."