‘ळ’ची परीक्षा : महंमद रफींची मराठी भावगीते

मुस्लिम मराठी लेखकांच्या मेळाव्यात भाषेचा विषय निघाला की कुणीतरी महंमद रफींचे नाव घेतोच. ‘रफीसाहेबांनी मराठी गाणी गायिली, तीही किती शुद्ध!’ असे म्हटले जाते आणि सभागृहात टाळ्या पडतात. रफींवरच्या प्रेमात आम्ही कुणाच्या मागे नाही. पण या टाळ्यांच्या मागचे गृहीत आम्हांला तपासून पाहावेसे वाटते. एका पंजाबी गायकाच्या मराठी तबकड्या आमच्या मराठीपणाचा दाखला म्हणून आम्ही का पुढे करतो? आणि त्या गाण्यांची जी तारीफ होते, ती तरी नेमकी कशाची होते?

आधी तबकडीबद्दल. पाश्चात्त्य संगीतात ज्याला पॉप बॅलड म्हणतात, म्हणजे एका आवाजात सांगितलेली, चटकन ओठांवर बसणारी, भावनेने भरलेली छोटी रचना, तिला आपल्याकडचे जवळचे नाव भावगीत. १९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गायिली, तेव्हापासून हा प्रकार मराठीत रुजला. त्याला घडवले ते ध्वनिमुद्रिकेने. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. मुखडा, दोन-तीन अंतरे, मधले वाद्यसंगीत, सारे तेवढ्यात बसवायचे. ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या आल्या तरी गाण्याचा हा बेत फारसा बदलला नाही. गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच खोलीत गात-वाजवत. आज बिघडलेला एक शब्द संगणकावर वेगळा काढून पुन्हा बसवता येतो. तेव्हा शब्द चुकला की साऱ्या मंडळींना पुन्हा सुरुवात करावी लागे. म्हणून उच्चाराची तयारी माइकसमोर उभे राहण्याआधीच पुरी करावी लागत असे.

रफींच्या बिगरफिल्मी मराठी गाण्यांमागे मुख्यतः दोन नावे आहेत : संगीतकार श्रीकांत ठाकरे आणि कवयित्री वंदना विटणकर. ‘शोधिसी मानवा’ या गाजलेल्या गाण्यात हे तिघे एकत्र आहेत. देवाला बाहेर शोधू नको, तो आतच आहे, हा त्या गाण्याचा आशय. कबीरांचे दोहे आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ ज्यांच्या कानावर आहे त्यांना तो नवा वाटणार नाही. श्रीकांत ठाकरे हे उत्तम व्हायोलिनवादक आणि उर्दूचे जाणकार. रफींना देवनागरीपेक्षा उर्दू लिपी सोयीची, म्हणून मराठी गाण्याचे शब्द त्यांना उर्दू लिपीत लिहून दिले जात, असे सांगितले जाते.

या तपशिलाचे कौतुक पुष्कळ झाले. त्याचा विचार मात्र कुणी केलेला आमच्या पाहण्यात नाही. उर्दू लिपीत ‘ळ’साठी अक्षर नाही. ‘ण’साठीही नाही. ‘राऊळ’ हा शब्द उर्दूत लिहिला की तो ‘राऊल’ असाच उतरतो. म्हणजे कागदाने रफींना शब्दांचा क्रम दिला असेल, उच्चार दिला नसणार. तो समोर बसलेल्या संगीतकाराच्या तोंडून, पुन्हापुन्हा म्हणवून घेऊनच कानात उतरला असला पाहिजे. ज्या लोकांना आलिफ-बे-पेसोबत अ-आ-इ गिरवावी लागली, त्यांना ही गोष्ट समजावून सांगायला नको.

पण याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. रफींचा जन्म १९२४ साली अमृतसरजवळच्या कोटला सुलतान सिंग या गावचा. त्यांची मायबोली पंजाबी, आणि पंजाबी बोलीत ‘ळ’ आहे, ‘ण’ही आहे. गुरुमुखीत ‘ल’च्या पायाशी टिंब देऊन हा ‘ळ’ लिहितात. तेव्हा ‘परप्रांतीय असूनही ळ किती छान म्हटला’ ही तारीफ मुळातच जागा चुकलेली आहे. हा वर्ण त्यांच्या गावाकडचाच होता. हिंदी चित्रपटगीतांत त्याचा उपयोग पडत नव्हता, एवढेच. अवघड होते ते दुसरेच. ‘चंद्र’मधला ‘च’ आणि ‘चांदणे’मधला ‘च’ वेगळे आहेत. हा भेद उर्दू लिपी दाखवत नाही आणि आपली देवनागरीही दाखवत नाही. तो फक्त कानाने शिकता येतो. रफींच्या मेहनतीचे मोल करायचे तर ते अशा ठिकाणी करावे.

आता पनवेलकडे येऊ. रफींनी पुष्पा पागधरे यांच्यासोबत गायिलेले ‘अगं पोरी’ हे कोळीगीत आकाशवाणीवर लागले की आमच्याकडे रेडिओचा आवाज हमखास मोठा होई. शब्द वंदना विटणकरांचे, चाल श्रीकांत ठाकऱ्यांचीच. पुस्तकी मराठीत ज्याला ‘सांभाळ’ म्हणतात, ते या गाण्यात ‘संभाल’ आहे. ही रफींची चूक नव्हे. ती किनाऱ्याची बोली आहे. पनवेलच्या कोळीवाड्यात आणि खाडीकाठच्या आगरी गावांत ‘डोळा’चा ‘डोला’ होतो, ‘कोळी’ स्वतःला ‘कोली’ म्हणवतो. आमच्या मोहल्ल्यातल्या कोकणी घरांतही ‘सगळा’चा ‘सगला’ सहज ऐकू येतो. हळदी-मेंदीला ढोलक घेऊन बसलेल्या आमच्या खाला आणि फुफी जी गाणी म्हणतात, त्यांत हाच ‘ल’ आहे.

आता हिशेब मांडून पाहा. पंजाबच्या माणसाच्या मायबोलीत ‘ळ’ आहे आणि पनवेलच्या भूमिपुत्राच्या बोलीत तो नाही. मग ‘ळ’ हा मराठीपणाचा पुरावा कसा ठरतो? शाळेच्या स्पर्धेत, मुलाखतीत, आकाशवाणीच्या आवाजचाचणीत आमच्या मुलामुलींना या एका अक्षरावर अडवले जाते, आणि उच्चार बरा निघाला तर शाबासकी मिळते : ‘मुसलमान असूनही मराठी किती स्वच्छ!’ या ‘असूनही’ने आमच्या दोन-तीन पिढ्यांना घरात पाहुणे करून ठेवले आहे. आगऱ्याच्या ‘डोला’ला गावरान गोडवा म्हणायचे आणि आमच्या ‘सगला’ला परकेपणा, हा न्याय आम्हांला मान्य नाही.

परीक्षा उलट बाजूनेही झालेली आहे. तरुण लता मंगेशकरांच्या उर्दू उच्चारांना वरण-भाताचा वास येईल, अशी शंका दिलीपकुमार यांनी बोलून दाखवली होती. ती मनाला लागली, मग मौलवींकडून उर्दूचे धडे घेतले, असे लताबाईंनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. त्यांनी मेहनतीने उर्दू कमावली, रफींनी मेहनतीने मराठी कमावली. दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत आणि दोन्ही एकाच जातीच्या आहेत : कलावंताने दुसऱ्याच्या भाषेचा केलेला आदर. आमची गोष्ट या जातीची नाही. आम्ही मराठी कमावलेली नाही, ती आम्हांला आईकडून मिळाली आहे. म्हणून रफींचा दाखला देऊन आम्ही नकळत स्वतःलाच कमावलेल्या मराठीच्या रांगेत उभे करतो.

दाखलेच द्यायचे तर ते घरचे आहेत. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, यांच्या पहाडी आवाजाने संयुक्त महाराष्ट्राचा लढा गावोगावी पोहोचवला. त्यांना कुणी उच्चारांचे प्रमाणपत्र विचारले नाही. आमच्या पनवेलचे ए. के. शेख मराठीत गझल लिहितात, तेव्हा उर्दूतून आलेला घाट मराठीच्या मात्रांत बसवण्याचे काम ते आतून करतात. आमच्या मराठीचा विचार अशा लेखनावरून व्हावा.

या गाण्यांना आणखी एक ओझे वाहायला लावले जाते. श्रीकांत ठाकरे हे बाळासाहेब ठाकरे यांचे धाकटे बंधू. १९६० साली सुरू झालेल्या ‘मार्मिक’मध्ये दोघे बरोबर होते आणि १९६६ साली शिवसेना स्थापन झाली. त्याच घरातला एक माणूस मराठी शब्द घेऊन रफींसमोर बसत होता, ही हकिकत ऐकायला गोड आहे. पण तिच्यावरून सलोख्याचे निष्कर्ष घाईने काढू नयेत. १९९२-९३च्या मुंबईत ही गाणी सर्वांना पाठ होती, तरी व्हायचे ते झाले. तीन मिनिटांच्या तबकडीने दंगली थांबवाव्यात ही अपेक्षा गाण्यावर अन्याय करणारी आहे. तबकडी एवढेच सांगते की एका खोलीत एका संगीतकाराने, एका कवयित्रीने आणि एका गायकाने एकमेकांचे नीट ऐकून घेतले होते. हे थोडे नाही.

रफी ३१ जुलै १९८० रोजी गेले, श्रीकांत ठाकरे २००३ साली, वंदना विटणकर २०११ साली. तबकड्या अडगळीत गेल्या, कॅसेटीही गेल्या, गाणी मात्र मोबाइलवर आली आहेत. ‘शोधिसी मानवा’ पुन्हा ऐका. त्यात गळ्याची करामत फारशी नाही. आवाज बहुतेक मधल्या पट्टीत राहतो आणि शब्दाला पुढे जाऊ देतो. हिंदीत ज्यांची तार सप्तकातली झेप प्रसिद्ध होती, त्या गायकाने इथे स्वतःला आवरले आहे. नव्या भाषेत शिरताना आवाज खाली ठेवण्याची ही अदब आम्हांला त्या ‘ळ’पेक्षा मोठी वाटते. आपल्याच भाषेत बोलताना मात्र आम्हांला आवाज खाली ठेवण्याचे कारण नाही.