कृपा आणि पुण्यसंचय

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची मराठी टीकेने जी चर्चा केली, ती बहुतांशी १८८३ सालापाशी येऊन थांबते. त्या वर्षी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याचा अर्थ कोणी सामाजिक बंड असा लावतो, कोणी स्वकीयांचा त्याग असा. रमाबाईंची स्वतःची साक्ष मात्र या तारखेशी जुळत नाही. १९०७ च्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या सांगतात, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो लाभण्यास पुढे कित्येक वर्षे लागली.

ही भाविकाची अतिशयोक्ती म्हणून सोडून देता येत नाही. तिच्यामागे पुण्याचा फार मोठा हिशेब उभा आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थे हिंडले. पुराणे सांगितली, उपवास केले, होते तेवढे द्रव्य दानधर्मात घातले. अखेर १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. देवापाशी जमा केलेले काहीच परत आले नाही! अशा मनाचे केवळ दैवत बदलून भागणारे नव्हते. सत्कर्मांची तीच खातेवही नव्या धर्मातही चालू राहू शकत होती. तारण हे दान आहे, कर्मांचे वेतन नव्हे, हे पौलाने इफिसकरांस लिहिले व ल्यूथरने सोळाव्या शतकात त्यावरच सारी भिस्त ठेवली. रमाबाईंच्या गद्यात ते तत्त्व सिद्धांत म्हणून येत नाही. ओझे उतरल्याचा अनुभव म्हणून येते.

रेव्हरंड टिळकांची वाट निराळी. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले, आणि त्यांच्या अभंगांतील ख्रिस्त मराठी वाचकाला परका वाटत नाही, याचे श्रेय त्या पुलाचे आहे. पण पूल ओलांडताना काही सांडलेही. वारकऱ्यांची कृपा माउलीची; लेकरू चुकले तरी तिचेच असते. पौलाची कृपा दोषी ठरलेल्यावर होते, आणि तिचे मोल दुसऱ्याने क्रूसावर चुकते केलेले असते. 'पतितपावन' हा शब्द दोहोंकडे चालतो, एवढ्याने दोन्ही अर्थ एक होत नाहीत. टिळकांत पहिला भाव इतका रसाळ आहे, की दुसऱ्याची धार बोथट होते. काव्याला हा लाभ झाला; विचाराला झाला, असे मला वाटत नाही.

कर्मांनी तारण नाही, तर ती करावीच कशाला? हा आक्षेप याकोबाच्या पत्राइतका जुना आहे. १८९७ व १९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो निराधार मुली व स्त्रिया केडगावच्या मुक्तीसदनात आणल्या. आत्मनिवेदनात या कार्याचा उल्लेख येतो, पण तो ईश्वराने काय केले हे सांगण्यासाठी. आपल्या जमेस तो कोठेही धरलेला नाही. ज्या स्त्रीला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली 'सरस्वती' ही पदवी दिली, तिने उत्तरायुष्य घातले ते हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात. १९२२ मध्ये त्या वारल्या. भाषांतर १९२४ मध्ये निघाले.