महागडा सीडी प्लेयर ‘सरस वाजतो’ म्हणजे नक्की काय?

रिसर्च प्रपोजल घेऊन गेलात की गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही मोजणार काय? हाच प्रश्न आज हाय-एंड सीडी प्लेयरच्या परीक्षणांना विचारून बघू. हाय-एंड म्हणजे लाखांच्या घरातली यंत्रं. परीक्षक असा प्लेयर घरी नेतो, ओळखीच्या सीडी लावतो आणि लिहितो: पडदा बाजूला सरल्यासारखं वाटलं, बास घट्ट आहे, गायिका समोर उभी आहे. या भाषेला माझी हरकत नाही. ‘गळा गोड आहे’ म्हणताना आपणही काही मोजत नसतो. पण शेवटच्या परिच्छेदात तोच परीक्षक सांगतो की हा प्लेयर त्या प्लेयरपेक्षा सरस आहे. इथे वर्णन संपलं आणि तुलना सुरू झाली. तुलना आली की कंट्रोल आला.

सगळ्यात साधा कंट्रोल म्हणजे आवाजाची पातळी. सीडी प्लेयरच्या अ‍ॅनालॉग आउटपुटची रूढ कमाल पातळी २ व्होल्ट. पण सगळे प्लेयर ती तंतोतंत पाळत नाहीत. समजा एकाची २.० व्होल्ट आहे आणि दुसऱ्याची २.३. डेसिबलचं सूत्र वापरून बघा, फरक १.२ डेसिबल येतो. एवढ्या फरकाला ऐकणारा ‘आवाज मोठा झाला’ म्हणेलच असं नाही. ‘जास्त स्पष्ट, जास्त भरदार’ असं म्हणण्याची शक्यता जास्त. म्हणून काटेकोर चाचणीत टेस्ट टोन लावून, मीटरने मोजून दोन्ही पातळ्या साधारण ०.१ डेसिबलच्या आत जुळवतात. पुढचं परीक्षण वाचताना ही एक ओळ शोधा. नसेल, तर ‘भरदार’ या शब्दाचं श्रेय कोणाला द्यायचं ते कळत नाही.

दुसरा घोटाळा जरा नाजूक आहे. ‘फरक ऐकू येतो’ आणि ‘दर्जा वरचा आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. काही महाग प्लेयर मुद्दाम ओव्हरसॅम्पलिंग करत नाहीत. सीडीचा सॅम्पलिंग रेट ४४.१ किलोहर्ट्झ असल्यामुळे अशा रचनेत, वेगळी भरपाई केली नाही तर, २० किलोहर्ट्झला आवाज सुमारे ३ डेसिबलने पडतो. तरुण कानांना हा फरक जाणवूही शकेल. कोणाला तो ‘मऊ, नैसर्गिक’ वाटेल, आणि वाटू दे की! पण रेकॉर्डिंगशी इमान राखणं हा निकष धरला तर ते यंत्र मागे पडतं. आवड आणि अचूकता यांतलं काय तपासतोय हे परीक्षकाने आधी सांगायला हवं.

आता उलट बाजू, कारण ‘सगळा मनाचा खेळ आहे’ म्हणणारेही पुष्कळदा घाईच करतात. त्यांचा आवडता पुरावा म्हणजे ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांचा २००७ मधला पेपर, जर्नल ऑफ द ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीमधला. त्यांनी एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा आवाज एकदा थेट ऐकवला आणि एकदा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सीडीच्या दर्जाच्या साखळीतून काढून. कोणता कुठला हे ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं. ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर २७७ अपेक्षित होती. आवाज अवाजवी वाढवून शांत जागा ऐकल्या तेव्हाच सीडीचा नॉइज कळला.

डिझाइन मला आवडतं. पुढे टीकाही झाली, की त्यातल्या काही डिस्कचं मूळ रेकॉर्डिंगच उच्च दर्जाचं नव्हतं. ही टीका रास्त आहे: पाण्यात पाणी मिसळून चव ओळखा म्हटल्यासारखं होतं ते. शिवाय ५५४ फेऱ्यांवर ९५ टक्के विश्वासमर्यादा काढा. ती साधारण ४५.७ ते ५४ टक्के येते. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशाच विषयावरचे १८ प्रयोग एकत्र करून मेटा-अ‍ॅनालिसिस केलं, १२,५०० हून जास्त फेऱ्या. बरोबर उत्तरं निघाली ५२.३ टक्के, कान तयार केलेल्या श्रोत्यांत त्याहून बरीच जास्त. म्हणजे नीट बघितलं तर रीस यांचा आकडा मेयर-मोरन यांच्या मर्यादेतच बसतो. दोन पेपर एकमेकांविरुद्ध उभे केले जातात, पण आकडे भांडत नाहीत.

घरगुती एबीएक्स चाचणीत तर ही गोष्ट फारच दुर्लक्षित राहते. तिथे एक्स हा ए आहे की बी, एवढंच ओळखायचं असतं. रूढ पद्धत १६ फेऱ्यांची; १२ बरोबर आल्या तर पी-व्हॅल्यू ०.०३८, पास. समजा एखाद्याला फरक खरोखरच कळतो, पण अंधुक, म्हणजे दीर्घकाळात ६० टक्के उत्तरं बरोबर यावीत इतका. १६ पैकी निदान १२ मिळवण्याची त्याची शक्यता किती? सुमारे १७ टक्के. सहापैकी पाच वेळा तो नापास होणार, आणि आपण लिहून मोकळे होणार की फरक नाही!

माझं मत विचाराल तर दोन्ही प्लेयर नीट बनवलेले असतील आणि पातळ्या जुळवल्या असतील, तर त्यांच्यात फरक उरलाच तरी तो फार बारीक असेल. ‘पडदा सरला’ एवढा नक्कीच नाही. म्हणून पुराव्याचं ओझं परीक्षकावरच. पण त्याला खोटं ठरवायला निघालेल्यानेही पॉवर आधी काढावी. ६० टक्केवाला श्रोता ८० टक्के खात्रीने पकडायचा तर दीडशेच्या आसपास फेऱ्या लागतात, ५२.३ टक्केवाला पकडायचा तर जवळजवळ २,९००. मिनिटाला एक फेरी धरली तरी दीडशेला अडीच तास होतात, आणि एवढा वेळ सलग ऐकून कान थकतो. तेव्हा रोज वीस-पंचवीस फेऱ्या, पातळी दर दिवशी नव्याने मोजून, आणि फेऱ्यांची एकूण संख्या सुरुवात करण्याआधीच वहीत लिहून ठेवलेली.